लागू नसेल ते खोडावे

सरकारी कागदावर लिफ्टला उद्वाहन म्हणतात. हा शब्द ज्याने काढला तो गृहस्थ तळमजल्यावर राहत असावा. अशा उद्वाहनांची वर्षातून दोनदा तपासणी करून दाखला देणारा एक तपासनीस असतो. आपला तपासनीस एकतीस वर्षं हेच काम करत होता. त्याचं खरं नाव घराच्या पाटीवर होतं, पण कचेरीत ते कुणी वापरत नसे. कचेरीत सगळे त्यांना साक्षीबुवा म्हणत.

हे नाव एका फॉर्ममुळे पडलं. दाखल्याचा फॉर्म एकपानी. तळाशी छापलेलं असे: ‘मी ईश्वरसाक्ष / गांभीर्यपूर्वक प्रमाणित करतो की, वरील तपासणी मी स्वतः केली असून नोंदी खऱ्या आहेत.’ त्याखाली, फक्त मुंगीलाच वाचता येतील अशा अक्षरांत: ‘लागू नसेल ते खोडावे.’ बाकीचे तपासनीस काहीच खोडत नसत. म्हणजे ते ईश्वरसाक्षही प्रमाणित करत, गांभीर्यपूर्वकही करत, आणि बहुतेक वेळा ही दोन्ही कामं खुर्चीतून न उठता करत. साक्षीबुवा मात्र पट्टी लावून ‘गांभीर्यपूर्वक’ या शब्दावर सरळ रेघ मारत.

नोकरीला लागताना एका सभागृहात चाळीस जणांनी हात वर करून शपथ घेतली होती. एकोणचाळीस जणांचं लक्ष पलीकडच्या टेबलावरच्या चहाकडे होतं. आपण काय म्हणतोय ते चाळिसाव्याला ऐकू आलं. त्याचा गुन्हा एवढाच.

तसे ते देवाबद्दल फारसं बोलत नसत. इमारतीच्या माथ्यावर लिफ्टचं यंत्र असतं, त्या मशीन रूममध्ये शिरताना बूट दाराशी काढत, इतकंच. लोकांना वाटे, बुटांना तेल लागू नये म्हणून. आत गेले की सुताचा एक बोळा लिफ्टच्या दोराभोवती मुठीत धरत आणि लिफ्ट अगदी सावकाश चालवायला सांगत. लिफ्टचा दोर पोलादी तारा पिळून केलेला असतो. तार तुटली की तिचं टोक बाहेर येतं आणि बोळ्याचं सूत त्यात अडकतं. सूत अडकलं की थांबायचं, खडूने खूण करायची, मोजायचं. एका पिळात बारा तुटक्या तारा चालतात. तेरावी निघाली की दोर बाद आणि लिफ्ट बंद. हा नियम लिहिणाऱ्याला बारा हा आकडा कुणी सांगितला ते माहीत नाही, पण आकडा कुठे तरी थांबवावा लागतोच.

त्या मंगळवारी साक्षीबुवांनी जिथे तेरा मोजल्या, ती इमारत म्हणजे पाच मजल्यांचं एक इस्पितळ होतं. इस्पितळाला दोन लिफ्ट. त्यांपैकी एक आठ महिने बंद होती. तिच्यावरच्या ‘तात्पुरती बंद’ या पाटीला मध्यंतरी नवा रंगही देऊन झाला होता. उरलेली एक चालू. पाचव्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर, अकरा दिवसांपासून साक्षीबुवांची बायको पडून होती. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. सायकलच्या ट्यूबला एका जागी फुगा येतो तशी, असं सर्जनने वहीच्या पानावर काढून दाखवलं होतं. ऑपरेशन बुधवारी सकाळी दहाला. ऑपरेशनची खोली तळमजल्यावर.

“हिसका लागता कामा नये,” सर्जन म्हणाला होता. “आडवं न्यायचं, आडवं ठेवायचं. आणि बुधवारच्या पुढे मी थांबणार नाही. ती रक्तवाहिनी थांबणार नाही.”

तपासणीला दुसऱ्याला पाठवता आलं नसतं का, असं कुणी विचारेल. दुसरा तपासनीस रजेवर होता आणि तिसऱ्या तपासनीसाची जागा गेली सहा वर्षं लवकरच भरायची होती. जुन्या दाखल्याची मुदत मंगळवारी संपत होती. साक्षीबुवा मंगळवारी वर गेले, बूट काढले, मोजलं. तेरा. बोळा बदलला, पुन्हा मोजलं. तेरा. मग चष्मा पुसून एकेका टोकावर बोट ठेवत मोजलं. बोटाला दोन ठिकाणी रक्त आलं, आकडा तोच राहिला. खाली येऊन त्यांनी लिफ्टच्या आतल्या दाराला ‘बंद’चा लाल बिल्ला तारेने बांधला आणि तारेवर शिशाचं सील दाबलं. हे सील एक तर तो तपासनीस काढू शकतो, नाही तर तिघांची समिती.

लिफ्टमन स्टुलावर बसून बघत होता.

“बुवा, म्हणजे मी आता काय करू?”

“बसा.”

“बसूनच असतो. पण वर-खाली होत बसायची सवय आहे.”

अर्ध्या तासात इस्पितळाच्या अधीक्षकांनी साक्षीबुवांना आपल्या खोलीत बोलावलं. अधीक्षक वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाला नाही म्हणायला काही लागत नाही. या माणसाने आधी चहा मागवला, खुर्ची स्वतः पुढे सरकवली आणि मग विचारलं, “किती?”

“तेरा.”

“बारा चालतात ना?”

“चालतात.”

“म्हणजे एका तारेचा प्रश्न आहे.”

“एकाच.”

“दोर किती आहेत लिफ्टला?”

“चार.”

“बाकीचे तीन?”

“ठणठणीत.”

“तीन दोरांवर लिफ्ट चालेल?”

“एकावरही चालेल.”

“मग मला सरळ सांगा, पडेल का?”

साक्षीबुवांनी थोडा विचार केला. “मला नाही वाटत पडेल.”

अधीक्षकांनी खुर्चीला पाठ टेकली. घाट चढून आलेल्या गाडीने सोडावा तसा श्वास सोडला. “मग लिहा की चालू! झालं.”

“फॉर्ममध्ये पडेल का असं विचारलेलं नाही, साहेब. किती तुटल्यात असं विचारलंय.”

बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. अधीक्षकांनी चहाच्या कपावर बशी ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

“बुवा, उद्या तिथून कुणाला खाली आणायचंय, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“एकच फेरी करू. वहिनींपुरती. नंतर लावा तुमचा बिल्ला, सहा महिने काढू नका. मीच तुम्हाला पेढे... बरं, जाऊ दे. एक फेरी.”

“एका फेरीचा फॉर्म नसतो.”

“मग याच फॉर्मवर सोय आहे की!” अधीक्षकांनी कोरा फॉर्म ओढला आणि त्या बारीक ओळीवर नख ठेवलं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ती ओळ त्या दिवशी पहिल्यांदा वाचली असावी. “ईश्वरसाक्ष खोडा. गांभीर्यपूर्वक ठेवा. देवाला कशाला मध्ये घालता? मग हा तुमच्या-माझ्यातला मामला. आणि मी तर काही बोलणार नाही.”

“लागू नसेल ते खोडावे असं लिहिलंय, साहेब.”

“हो, मग?”

“लागू आहे.”

“अहो, बायको आहे तुमची ती!”

“हो. म्हणून तीनदा मोजल्या.”

अधीक्षक उठून खिडकीपाशी गेले. तिथून पाठमोरेच म्हणाले, “निदान त्याला विचारून तरी बघा. तुमच्या त्याला.”

“त्याचं सांगून झालंय. आता पुन्हा विचारायचं ते वेगळं उत्तर मिळेल या आशेने. तसं आपण कारकुनाला विचारतो.”

लोकांची अशी समजूत असते की देवाचं ऐकलं म्हणजे माणसाला आतून शांत वाटतं, चेहऱ्यावर काही तरी उजेड वगैरे पडतो. साक्षीबुवा पाचव्या मजल्यावर जिन्याने चढले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. तिसऱ्या मजल्यावर त्यांना कठड्याला धरून थांबावं लागलं. एकशे दहा पायऱ्या. हा आकडा त्यांना वर गेल्यावर मुलीने सांगितला. ती शाळेत गणित शिकवायची आणि बातमी तिच्यापर्यंत त्यांच्या आधीच पोहोचली होती.

“मजल्याला बावीस पायऱ्या, मध्ये एक वळण,” ती आईच्या खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली. आवाज अगदी खाली होता. “पाच वळणं. मी स्ट्रेचर मोजलं, बाबा. वळणावर ते बसत नाही. तिरपं करावं लागतं. डोक्याची बाजू वर. आईला तिरपं करायचं नाहीये.”

“वळण मीही मोजलं येताना.”

“मग?”

बायकोने मान वळवली. अकरा दिवसांत तेवढंच तिला करता येत होतं. पण ती मान इतक्या प्रकारांनी वळवायला शिकली होती की तिला काय म्हणायचंय ते नर्सलाही कळायचं.

“किती निघाल्या?” तिने विचारलं.

“तेरा.”

“आणि चालतात?”

“बारा.”

तिने छताकडे बघितलं. “मला विचारायचं होतंत ना आधी.”

“तू काय म्हणाली असतीस?”

“अकरा म्हणाले असते.”

मुलीच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा नव्हता.

“तपासणी परवा केली असती तर काय बिघडलं असतं?” बायकोने विचारलं.

“तारीख आजची होती.”

“तारीख!” ती छताला म्हणाली. “ऐकलंस? बत्तीस वर्षांत माझा एक वाढदिवस लक्षात राहिला नाही या माणसाच्या. दोराचा राहिला.” मग थोड्या वेळाने, अगदी वेगळ्या आवाजात: “अहो, मला जगायचंय हो.”

साक्षीबुवा खाटेच्या कडेला बसले. त्यांनी तिचा हात हातात घेतला, तर तिने त्यांचं बोट उलटंपालटं करून बघितलं. बोटावर दोन चिरा होत्या, रक्त सुकलेलं.

“हे काय?”

“तारा.”

“पट्टी लावा. धनुर्वात होईल.” हात तिने काढून घेतला नाही, पण धरूनही ठेवला नाही. तिचा हात त्यांच्या हातात नुसता पडून राहिला, टेबलावर कुणी रुमाल विसरून जावा तसा.

आता समितीचं. समितीत तीन जण: अधीक्षक, देखभालीचा इंजिनिअर आणि कचेरीचा एक वरिष्ठ. अधीक्षकांनी त्याच दुपारी फोन लावून समिती बोलावली. खरं तर त्यांनी जीव तोडून प्रयत्न केला. वरिष्ठ म्हणाले, तातडीचं असेल तर उद्या बाराला. अधीक्षक म्हणाले, नऊला नाही जमणार? वरिष्ठ म्हणाले, नऊला तातडीच्याच दुसऱ्या एका समितीची बैठक आहे. अधीक्षकांनी सर्जनला विचारलं, ऑपरेशन दोन तास पुढे ढकलता येईल का? सर्जन म्हणाला, तिचं ढकलता येईल, पण नंतरच्या तिघांचं काय? आणि मुळात बारा वाजता सील निघेलच याची खात्री कोण देणार? खात्री कुणी दिली नाही. सगळ्यांनी विचार केला आणि सगळ्यांचा विचार बरोबर होता.

बुधवारी पावणेदहाला स्ट्रेचर आलं. वॉर्डातले दोन मदतनीस, दोघेही दणकट. तिसरा कोपरा साक्षीबुवांनी धरला. चौथ्यासाठी मुलगी खाली लिफ्टमनला बोलवायला गेली. तो बंद दारासमोर स्टूल टाकून बसला होता.

“ताई, मी बावीस वर्षं लोकांना उभं नेतो,” तो म्हणाला. “आडवं न्यायचं काम माझं नाही. आणि हे सील माझ्यावर लावलेलं नाही, पण मलाही लागलंय. बुवांना सांगा, मी रागावलोय.”

मग चौथा कोपरा मुलीनेच धरला. सलाईनची बाटली घेऊन नर्स बाजूने चालली.

पहिल्या अकरा पायऱ्या बऱ्या गेल्या. चौथ्या मजल्याच्या वळणावर पुढच्या दोघांनी स्ट्रेचर खांद्यापर्यंत उचललं, मागच्या दोघांनी गुडघ्यापर्यंत वाकवलं, आणि पट्ट्यांनी बांधलेली बायको अर्धवट उभी राहिली. अकरा दिवसांनी पहिल्यांदा तिला खिडकीबाहेरचा रस्ता दिसला.

“ते दुकान उघडं आहे वाटतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, बंद झालं.”

“बोलू नका,” नर्स म्हणाली.

“मग काय करू? पायऱ्या मोजायला माझी मुलगी आहे, तारा मोजायला नवरा आहे. मला काही तरी करू द्या.”

मदतनीसांपैकी एक हसला आणि त्याचा पाय जरासा चुकला. सगळे थांबले. सगळ्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा ठीक होता. पुन्हा निघाले. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी स्ट्रेचर कठड्यावर टेकवलं, दम घेतला.

“अहो.”

“अं?”

“तेराच ना? नक्की?”

“तेराच.”

“बारा असत्या ना, तर मी वर जाऊन बघितलं असतं तुमच्याकडे.” तिने मान पुन्हा सरळ केली. “चला मग. उभे काय राहिलात?”

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. पुढचं चाक कठड्याच्या जाळीत गेलं. मदतनीसाने ओढलं, निघेना. त्याने पायाने रेटलं तेव्हा ते एकदम सुटलं. हिसका म्हणावा असा मोठा नव्हताच तो. भरल्या ताटाला कोपर लागावा एवढा. बायको “अगं बाई” म्हणाली. घरातून निघाल्यावर गॅस चालू राहिल्याचं आठवावं तशी. मग तिच्या ओठांचा रंग गेला.

दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात तिला ठेवलं. सर्जन धावत वर आला. तो धावत आला हे खरं, जिन्यानेच आला. दहा वाजून बारा मिनिटांनी त्याने हातमोजे काढले.

समिती ठरल्याप्रमाणे बाराला भरली. घडलेलं कळल्यावर तिघांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली आणि मग विषयपत्रिकेकडे वळले. वरिष्ठांचे गुडघे दुखत असल्यामुळे मशीन रूमच्या लोखंडी शिडीवर इंजिनिअर एकटा गेला. व्यवस्थित माणूस. बोळा फिरवण्याआधी त्याने हाताला लागू नयेत म्हणून पक्कड घेऊन दोराची वर आलेली टोकं खुडून टाकली. सगळी नाही. मग बोळा फिरवला. खाली येऊन म्हणाला, “मला अकरा लागल्या.”

अधीक्षक म्हणाले, “इंजिनिअर म्हणतात तर अकरा.”

वरिष्ठ म्हणाले, “दहा म्हटलं असतं तर संशय आला असता. अकरा योग्य वाटतात.”

अशा रीतीने तारा एकमताने अकरा ठरल्या. तिघांनी सह्या केल्या. फॉर्मवर कुणीच काही खोडलं नाही.

साक्षीबुवा तेव्हा व्हरांड्यात बाकावर बसले होते. बायकोच्या अंगावर इस्पितळाची पांढरी चादर होती. त्यांचे बूट बाकाखाली होते, मशीन रूमच्या दाराशी काढावेत तसे, टाचा भिंतीला लावून. मुलगी समोरच्या भिंतीला पाठ लावून खाली बसली होती.

अधीक्षक आले. त्यांचे डोळे खरोखर लाल होते.

“बुवा,” ते हळूच म्हणाले, “लिफ्ट सुरू झालीय. वहिनींना खाली न्यायला... आता जिन्याचा त्रास नको.”

लिफ्टचं दार व्हरांड्याच्या टोकाला उघडं होतं. आत दिवा, दिव्याखाली लिफ्टमन, हातात त्याचं स्टूल. लाल बिल्ला गेला होता. तारेचा एक तुकडा तेवढा कडीला राहिला होता.

“जिन्याने नेऊ,” साक्षीबुवा म्हणाले.

मुलगी उभी राहिली. “काय?”

“अजून एक मजला आणि खालचा. चव्वेचाळीस पायऱ्या.”

“बाबा, आता तिला काय होणार आहे?” ती ओरडली नाही. तिने वर्गात विचारतात तसा प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट बघितली. “सांगा ना. आता काय व्हायचं राहिलंय तिचं?”

“तिचं नाही. मी दाखला दिलेला नाही. माझ्या माणसाला त्यातून नेलं म्हणजे मी सही केल्यासारखं.”

“माझ्या माणसाला!” मुलगी म्हणाली. मग चादरीकडे बघून, “आई, हे बघ. तुला आत्ता म्हणाले माझं माणूस.” ती वळली, ताठ चालत गेली आणि लिफ्टमध्ये शिरली. “चला हो,” लिफ्टमनला म्हणाली. “मला खाली सोडा.”

लिफ्टमनने तिच्याकडे बघितलं, साक्षीबुवांकडे बघितलं. मग स्टूल आतच ठेवून तो बाहेर आला. “बटण दाबा, ताई. खालचं. आपोआप जाते. माझी गरज नसतेच, बावीस वर्षं मी कुणाला सांगितलं नाही.” आणि येऊन त्याने स्ट्रेचरचा एक कोपरा धरला.

दार लागलं. साक्षीबुवा स्ट्रेचर उचलायला वाकले होते, ते तसेच वाकलेले राहिले. भिंतीपलीकडे यंत्र सुरू झाल्याची घरघर आली. त्यांनी कान भिंतीला लावला. लिफ्ट पडणार नाही, हे त्यांच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. तीन दोर ठणठणीत होते. त्यांचे ओठ हलत होते. मदतनीसांना वाटलं, देवाचं नाव घेतायत. लिफ्टमन जवळ होता, त्याला ऐकू आलं. ते आकडे होते. एक, दोन, तीन, चार. ते तेरापर्यंत जात आणि पुन्हा एकपासून सुरू करत. चौथ्यांदा नवावर असताना खाली कुठे तरी दार उघडल्याचा आवाज आला.

साक्षीबुवा खाली बसले. लिफ्टमन थांबून राहिला. पाच मिनिटांनी चौघांनी स्ट्रेचर उचललं. आता ते कसंही तिरपं केलं तरी चालणार होतं. पण साक्षीबुवांनी वळणावर तसं करू दिलं नाही. दांडे हातांवर पेलत, कठड्यावरून, आडवंच नेलं. आडवं नेता येत होतं. फक्त त्याला वेळ लागत होता, आणि सकाळी दहाची वेळ ठरलेली होती.

मुलगी खाली उभी होती.

“बघा,” ती म्हणाली. “काही झालं नाही.”

“मी पडेल असं म्हटलंच नव्हतं,” साक्षीबुवा म्हणाले. “मी तेरा म्हटलं होतं.”

नोंदणीच्या खिडकीवर एक कारकून होता. त्याने फॉर्म पुढे केला. मृत्यूसमयी हजर असलेल्या नातलगाचं निवेदन, एकपानी. ‘मी ईश्वरसाक्ष / गांभीर्यपूर्वक कळवतो की...’ आणि खाली ती मुंगीची ओळ. साक्षीबुवांनी खिशातली पट्टी काढली. पेन ‘गांभीर्यपूर्वक’वर टेकवलं आणि तिथेच थांबवलं. शाईचा ठिपका कागदावर पसरत गेला. मुलगी बघत होती. एकतीस वर्षांत त्या रेघेला इतका वेळ कधी लागला नसेल. मग त्यांनी ती ओढली, सरळ.

पुढे लिहायचं होतं: घटना कशी घडली. दोन ओळींची जागा. त्यांनी लिहिलं, ‘जिन्याने नेताना, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. लिफ्ट मी बंद केली होती.’

कारकुनाने वाचलं. “एवढं लिहायची जरूर नसते, काका. ‘हृदय बंद पडून’ लिहितात सगळे. हे वाचून उद्या कुणी तुम्हालाच विचारेल.”

“विचारू दे.”

“बरं. दुसऱ्या हजर व्यक्तीची सही इथे.”

मुलीने कागद ओढून घेतला. वडिलांच्या दोन ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. तिच्यासाठी तेच शब्द खाली पुन्हा छापलेले होते, मध्ये तीच तिरकी रेघ. तिने पट्टी मागितली नाही. आधी ‘ईश्वरसाक्ष’ खोडलं, इतकं दाबून की कागद फाटला. मग ‘गांभीर्यपूर्वक’ही खोडलं, आणि सही केली.

कारकुनाने मान हलवली. त्याने नवा फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला.

“दोन्ही खोडून चालत नाही, ताई. एक तरी ठेवावंच लागतं.”

मागे रांगेत चौघं जण होते. मुलगी पेन हातात घेऊन उभी राहिली. साक्षीबुवांनी तिच्याकडे बघितलं नाही. पट्टी तिच्या हाताजवळ ठेवून ते दोन पावलं बाजूला सरकले आणि पाठ फिरवून उभे राहिले.